विक्षोभ म्हणजे क्षोभ नव्हे

डिसेंबर संपत आला होता. धुकं असं दाटलेलं की आमच्या बाल्कनीतून रोज समोर दिसणारा ग्वाल्हेरचा किल्ला सकाळपासून गायब होता. हातात चहा होता आणि मनात आलं, हे कधी उठणार ते कुंदाला विचारावं. तेवढ्यात तिच्याच नंबरावरून फोन वाजला. आवाज मात्र तिच्या खालच्या मजल्यावरच्या किरायेदारणीचा. "आंटीजी, दीदी दरवाज़ा नहीं खोल रही थीं... हमने तुड़वाया... आप आ जाइए बस." मी ऑटोनं निघाले. दिवसाढवळ्या दिवे लावून, मफलरमधून नुसते डोळे बाहेर काढून तो ऑटोवाला रांगत चालला होता. पोचले तर कुंदा रजईत, एक हात बाहेर, चेहरा खिडकीकडे. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. जो आला तो म्हणाला, शांतपणे गेली. मला ते ऐकवेना. कुंदा शांत नव्हती हो, ती गप्प झाली होती. तिला गप्प केलं होतं.

कुंदा माझी गोरखीच्या शाळेपासूनची मैत्रीण. मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेली, लग्न न केलेली, शिंदे की छावनीत एकटी राहणारी. मला सगळे या वयातही बेबीच म्हणतात. खरं नाव बँकेतल्या नोकरीपुरतं होतं, ते नोकरीबरोबर गेलं. तेरावं झाल्यावर तिच्या धाकट्या भावानं, वसंतानं, शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, उदबत्त्या, पांढऱ्या चादरी, सगळं रीतसर. वसंता माइक धरून म्हणाला, "ताई म्हणजे आमच्या घरचं हवामान खातं होतं. आम्ही तिला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसू." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. पुढच्या रांगेत त्याची बायको माधुरी पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मी मागे बसून दात आवळत होते. याच घरानं कुंदाला कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं, हे त्या भरल्या सभेत एकालाही आठवू नये? तिथे बोलायची माझी हिंमत झाली नाही असं नाही, पण फोटोसमोर भांडण नको म्हणून उठून आले. आता लिहितेय.

कुंदाची आई ती शाळेत असतानाच गेली. वसंता तेव्हा एवढासा. त्याला भरवायचं, न्हाऊ घालायचं, पाढे म्हणवून घ्यायचे, सगळं हिनं केलं. आणि त्यातूनही हिचं लक्ष वाऱ्यावर. एकदा जानेवारीत मी तिच्याकडे गेले तर ही स्वयंपाकघराच्या दारात ओणवी झालेली. आत शेगडी धगधगतेय, बाहेर बरामद्यात हाडं गोठवणारी थंडी, आणि हिच्या हातात देवघरातली उदबत्ती. दाराच्या तळाशी धरली की धूर आत ओढला जायचा. पाटावर चढून वरच्या चौकटीशी धरली की तोच धूर बाहेर. "बघ बेबी, गार हवा जड, ती खालून घुसते. गरम हवा वरून पळते. एकाच दारात दोन वारे, आणि मिसळत कोणीच नाही!" तिचे वडील आतून कडाडले, "अगं देवाची उदबत्ती उंबऱ्यावर कशाला फिरवतेस, अवदसा आठवली का?" वसंता मात्र टाळ्या पिटत म्हणत होता, ताई पुन्हा कर, ताई पुन्हा कर.

पुढे कॉलेजात ती हेच शिकवत राहिली, फक्त हिंदीतून. वर्गात वाताग्र म्हणायची, माझ्याशी बोलताना आघाडी. एखाद्या प्रदेशावर हवा दिवसच्या दिवस पडून राहते आणि तिथला स्वभाव उचलते, राजस्थानच्या वाळूवर पडली तर कोरडी, समुद्रावर पडली तर ओली. असे हवेचे दोन प्रचंड थर चालत निघाले आणि समोरासमोर आले की ती आघाडी. गार थर खालून घुसतो, गरम ओल्या हवेला वर उचलतो, वर गेली की ती निवते, ढग धरतात, पाऊस पडतो, फारच उंच ढकलली गेली तर गारा. आमच्याकडे हिवाळ्यात जो पाऊस येतो तो असा, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडून आलेला. हिंदीत त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात, रेडिओवर रोज ऐकू येतं. "पुस्तकातल्या चित्रासारखी सरळ आघाडी आपल्याकडे पोचत नाही गं," ती म्हणायची, "डोंगर ओलांडताना तिच्या चिंध्या होतात. पण पुढ्यात ओली पुरवाई सापडली ना, की पुन्हा जीव धरते." पुरवाई म्हणजे पूर्वेचा वारा. रोज सकाळी चहाच्याही आधी ती छतावर जाऊन डोळे मिटून उभी राहायची, गालावर वारा कुठून लागतो ते बघत. शेजारीपाजारी तिला विचारून पापड वाळत घालायचे. तिला त्याचा केवढा अभिमान! पेपरात नाव छापून आल्यासारखी खूश व्हायची.

वसंताचं लग्न झालं, तो किला गेटला राहायला गेला, रेवा झाली, मग अनिकेत. रेवा म्हणजे कुंदाचा जीव की प्राण. माधुरी नोकरीला जायची, त्यामुळे पोर शाळेतून परस्पर आत्याकडेच. आत्याच्या हातचा वरणभात, आत्याबरोबर छतावर. तिला पुरवाई आणि पश्चिमेची पछवा यातला फरक पाढ्यांच्या आधी आला. त्या रेवाचं लग्न ठरलं ते फेब्रुवारीच्या अखेरीस. इंदूरची तालेवार माणसं येणार म्हणून वसंतानं मॅरेज गार्डन घेतलं, मोकळी हिरवळ, अवाढव्य तंबू, गुलाबी झालरी. कुंदा तेव्हाच म्हणाली, "वसंता, फेब्रुवारी आपल्याकडे भरवशाचा नाही रे. वर छप्पर असलेली जागा बघ." वसंतानं मोबाइल पुढे केला. "ताई, यात तर ऊनच दाखवतंय." आणि रेवा गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, तुम टेन्शन मत लो ना! फोटो ओपनमध्येच मस्त येतात." झालं, आत्या विरघळली.

पण लग्न तोंडावर आलं आणि एका रात्री रजई अंगावर सहन होईना. सकाळी छतावर पुरवाई, चांगली दमट. आकाशात उंचावर पांढरे विंचरलेले ढग. कुंदा छतावरून उतरली ती तडक किला गेटला. तिथे सीमांतपूजनाची गडबड. विहीणबाईंचे पाय धुवून झालेले, माधुरी त्यांची ओटी भरतेय, आणि आमची ही बाई, जिला वाऱ्याची वेळ कळायची पण माणसांची कधी कळली नाही, सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं माधुरी, पश्चिमी विक्षोभ येतोय. उद्या सकाळीच पोचेल. अजून वेळ आहे, मांडव आत घ्या." ओटीतल्या नारळावर विहीणबाईंचा हात थांबला. "क्षोभ? कसला क्षोभ? कोणाचा?" मागून कोणी म्हातारी पुटपुटली, "देवीचा असेल बाई, कुळाचार राहिला असेल काही." कुंदा घाईघाईनं म्हणाली, "देवीचा नाही हो, भूमध्य समुद्राचा!" पोरं खो खो हसली. माधुरी हसली नाही. मला तिचा चेहरा आजही दिसतो. मराठी घरात क्षोभ म्हटला की तो देवीचा, नाहीतर पितरांचा. तिसरा क्षोभ आम्हाला ठाऊक नाही. आम्ही ग्वाल्हेरवाले रेडिओ हिंदीत ऐकतो आणि भितो मराठीत.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त जवळ आला आणि वारा पडला. एवढा पडला की झालरीची चुणी हलेना. कुंदानं माझं मनगट धरलं. मग वायव्येकडून एकच गार झोत आला, अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून उडाला, आणि बोराएवढ्या गारा. तंबू पोटात हवा भरून फुगला आणि बसला. लोखंडी पाइप कोसळला तो नेमका विहीणबाईंच्या पावलावर. उरलेली मंगलाष्टकं गार्डनच्या मॅनेजरच्या खोलीत झाली, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला बंद कूलर, मधे ओलेचिंब नवरा-नवरी. विहीणबाई खुर्चीत कण्हत म्हणाल्या, "काल जिनं तोंडातून काढलं ती कुठाय?" आणि माधुरी, केसांत गारा तशाच, सगळ्यांदेखत कुंदाकडे वळली. "तुमची जीभ काळी आहे, ताई. माझ्याच पोरीच्या लग्नाला लावलीत."

कुंदा वर्गात समजावते तशी, हळू आवाजात म्हणाली, "अगं, मी सांगितलं म्हणून नाही आलं. येणार होतं म्हणून सांगितलं." कोण ऐकतंय! कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात. इथे तर फांदी मोडणार हे कावळ्यानं आधी ओरडून सांगितलं होतं, तरी दगड कावळ्यालाच. आणि वसंता? हिच्या हातचा घास खाऊन वाढलेला तो वसंता बुटावरचा चिखल झटकत उभा होता. एक शब्द बोलला असता तर तिथेच संपलं असतं सगळं. तेवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

त्यानंतर त्या घरातून बोलावणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलावणं बंद. गणपती आले-गेले, अनिकेतचा वाढदिवस, माधुरीच्या घरचं हळदीकुंकू... कुंदा प्रत्येक वेळी साडी काढून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात घालायची. बाहेर मात्र काही दाखवायची नाही. मग रेवा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हे कुंदाला कळलं ते मिठाईवाल्याकडून! तो म्हणाला, दीदी, बधाई हो, आपके यहाँ बिटिया हुई है. घरी येऊन तिनं मऊ सुती कापड काढलं आणि कुंची शिवायला बसली. टाके बारीक यावेत म्हणून उन्हात बसायची. "बारशाला तरी बोलावतील गं," मला म्हणाली. "मूल बघायला नको कसं म्हणतील?" तिला दुसरं काही नको होतं. ना माफी, ना मान. त्या घरातून एकदा कोणीतरी 'ताई, या' म्हणावं आणि रेवाची लेक मांडीवर घ्यावी, एवढंच. बारसं झालं. बोलावणं आलं नाही. कुंची तिनं खालच्या किरायेदारणीच्या नातीला घालून टाकली, आणि कुंची पोरीला मोठी होते म्हणून हसली. मला ते हसणं बघवेना.

मी गेले माधुरीकडे. चांगली फणकाऱ्यात गेले. म्हटलं, "अगं शिकलेली आहेस ना तू? ऑफिसात कंप्यूटर चालवतेस. जिभेनं कधी गारा पडतात?" माधुरीनं आधी चहा ठेवला. मग म्हणाली, "बेबीताई, तुम्ही म्हणता तेच खरं असेल. मलाही कळतं. पण मनात एकदा बसलं ना... विहीणबाई अजून लंगडतात. रेवाला तिथे काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे. आता लहान बाळ आहे घरात. ताईंनी प्रेमानं जरी काही म्हटलं आणि वाकडं झालं, तर?" मी म्हटलं, आणि रेवा? तिला नाही वाटत आत्याला भेटावं? माधुरी म्हणाली, "ती म्हणते, मम्मी, अभी रहने दो, बाद में देखेंगे." तो बाद कधी आलाच नाही. मी चहा न पिता उठले.

आणि याचा सगळ्यात संतापजनक भाग पुढेच आहे. हिवाळा आला की वसंताचा मला फोन. "बेबीताई, उद्या पहाटे दिल्लीला निघायचंय, जरा ताईला विचारा ना धुकं असेल का. आमचं नाव नका सांगू." मी काय करणार, विचारायची. कुंदाला कळायचंच कोणासाठी ते. तरी छतावर जाऊन यायची आणि नीट सांगायची: विक्षोभ परवाच पुढे सरकलाय, जमीन ओली आहे, आकाश निवळलंय, वारा नाही, धुकं पडणार, त्याला म्हणावं उन्हं आल्यावर निघ. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, इथे तर वैद्याला दाराबाहेर उभं करून खिडकीतून औषध मागणं चाललं होतं. एकदा मी वसंताला फोनवरच झापलं, अरे लाज वाटत नाही का? तो म्हणाला, "माझं काही नाही हो, घरात शांतता राहावी एवढंच बघतो." मोठा शांतता राखणारा!

पण कुंदाचं खरं नुकसान केलं ते न बोलावण्यानं नाही. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची मी तिच्याकडे बसले होते. लूचा गरम वारा थांबला, पश्चिमेला आकाश मातकट झालं. खाली किरायेदारणीचे पापड पसरलेले. मी म्हटलं, कुंदे, आंधी येतेय का गं? तिनं खिडकीतून पाहिलं. तिला कळलं होतं. तिच्या नाकपुड्या तशा हलायच्या. "सांग ना तिला, पापड उचलेल," मी म्हटलं. कुंदा म्हणाली, "नको. मी बोलले की होतं म्हणतात." मला वाटलं चेष्टा करतेय. म्हटलं, अगं तू आघाडी शिकवणारी बाई, तूही...? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माहीत आहे गं असं काही नसतं. पण इतक्या वर्षांत मलाच भीती बसलीय. रात्री वाटतं, मी तेव्हा बोलले नसते तर..." आणि रडली. लहानपणी आई गेली तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. खाली आंधीनं पापड पार भिंतीपर्यंत नेले, मी खिडकीतून ओरडले तोवर उशीर झाला होता. त्या दिवसानंतर ती सकाळी छतावर जायचीही बंद झाली. आता तुम्हीच सांगा, ही बाई डिसेंबरात गेली असं मी कसं म्हणू?

मागच्या आठवड्यात वसंता माझ्याकडे आला, हातात अक्षता आणि पत्रिका. अनिकेतचं लग्न. मी म्हटलं, अरे, बहीण जाऊन महिने किती झाले? वर्ष नाही पाळायचं? तो म्हणाला, "माधुरी म्हणाली, ताई वेगळ्याच राहत होत्या ना, आपल्याला वर्षाचं बंधन नाही." तारीख पाहिली तर फेब्रुवारीची अखेर. जागा पाहिली तर गार्डन, मोकळं. "वसंता, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो खाली बघत म्हणाला, "मुलीकडची माणसं फार आहेत हो बेबीताई. बंद हॉल मिळालाच नाही." मग मी पत्रिका वरून वाचायला घेतली. श्री गजानन प्रसन्न. त्याखाली श्री कुलस्वामिनी प्रसन्न. आणि त्याखाली, आजोबा-आजींच्याही वर, ठळक अक्षरांत... कै. कुंदाआत्या यांच्या कृपाशीर्वादाने.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटलं, उशिरा का होईना, कळलं यांना. मी वसंताचा हात धरला आणि म्हटलं, चांगलं केलंस रे. तो जरा अवघडला. मग म्हणाला, "मी नाही, माधुरीनं सांगितलं घालायला. म्हणाली, ताईंचं नाव देवीच्या खालोखाल घाला, म्हणजे त्यांचा काही राग राहायचा नाही... आणि तेवढे चार तास पाऊस यायचा नाही."